घर, खरेदीखत आणि खरेदीदार

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण प्रत्येक मराठी घरांत एकदां तरी ऐकूं येतेच. पण या म्हणींतली एक गोष्ट सहज नजरेआड होते. तींत घर बांधण्याचा उल्लेख आहे, विकत घेण्याचा नाहीं. ज्या समाजांत ती रूढ झाली त्या समाजांत घर बहुधा वाडवडिलांच्या जागेवर, गांवच्या सुताराच्या व गवंड्याच्या हातून, डोळ्यांदेखत उभें राही. परक्याचें तयार घर पैसे मोजून घेण्याचा प्रसंग क्वचित् येई. आज शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंब साठविलेली सारी पुंजी आणि पुढील वीस वर्षांच्या पगाराचा मोठा हिस्सा याच एका व्यवहारांत ओततें, आणि त्या व्यवहाराविषयीं शहाणपण सांगणारी म्हण मात्र त्याच्या पदरीं नाहीं. म्हण नसली तरी इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्रांत तरी जवळ जवळ दोन हजार वर्षांचा आहे.

खरेदीदाराचा स्वभाव असा कीं तो आधीं भिंती पाहतो. ऊन कोठून येतें, पाणी किती वेळ असतें, शेजार कसा आहे, बाजार जवळ आहे कीं दूर, याची चौकशी तो बारकाईनें करतो, आणि तें योग्यच आहे. पण कायद्याच्या दृष्टीनें तो भिंतींपेक्षां विकणाराचा हक्क विकत घेत असतो. विकणाराजवळ जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीदाराच्या हातीं पडतो. त्याहून गुंजभरहि अधिक नाहीं. आणि हक्क डोळ्यांना दिसत नाहीं. तो कागदांत, माणसांच्या स्मरणांत आणि सरकारी दप्तरांत विखुरलेला असतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून उषवदातानें एक शेत विकत घेऊन दान दिलें. राज्यकर्त्याचा जांवई, त्याला विकणाराची चौकशी कशाला हवी, असें कोणासहि वाटेल. पण लेखांत विकणाराचें नांव आहे, वाराहीपुत्र अश्विभूति ब्राह्मण. किंमत आहे, ४००० कार्षापण. शेत अश्विभूतीकडे कोठून आलें तेंहि आहे. तें त्याच्या बापाचें होतें. आणि तें कोठें आहे याचाहि निर्देश आहे. नगराच्या शिवेवर, वायव्येस. आजचा वकील खरेदीखत हातीं घेतो तेव्हां प्रथम याच गोष्टी पाहतो. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत उषवदाताच्या ठेवींची हकीकत निगमसभेंत वाचून दाखविल्याचें व रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविल्याचें नमूद आहे. व्यवहार झाला तो चारचौघांच्या कानांवर गेला आणि मग नोंदला गेला, असा तो क्रम आहे.

याच डोंगरांतल्या तिसऱ्या लेण्यांत एक गमतीचा दाखला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षींचा तो लेख. राजानें पूर्वीं येथील भिक्षूंना कखडी गांवीं एक शेत दिलें होतें. दाता प्रत्यक्ष राजा, तेव्हां हक्कांत खोट असण्याचा प्रश्नच नव्हता. पण तें शेत कोणी कसत नव्हतें आणि गांवहि ओसाड होतें. अखेर राजाला त्याऐवजीं नगराच्या शिवेवरील शंभर निवर्तनें जमीन द्यावी लागली. कागद निर्मळ पण जागा निरुपयोगी, असा हा प्रकार! दूरच्या माळावरचा भूखंड केवळ नकाशा पाहून घेणाऱ्यांना पुढें हाच अनुभव आला. फरक इतकाच कीं, त्यांना बदली जमीन देणारा सातकर्णी भेटला नाहीं.

या विषयाचा सर्वांत सूक्ष्म विचार मात्र विज्ञानेश्वरानें केला. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) राजधानींत बसून त्यानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढें शतकानुशतकें महाराष्ट्रांतील कुटुंबांचे वांटे-हिस्से तिच्या आधारें ठरले. जमीन सहा गोष्टींनीं एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असें एक जुनें वचन त्यानें चर्चेला घेतलें आहे. गांवाची, ज्ञातींची, सामंतांची व दायादांची संमति या चार, आणि सोनें व पाणी देणें या दोन. येथें सामंत म्हणजे मांडलिक राजे नव्हेत. ज्यांची शीव आपल्या शिवेला लागते ते शेजारी.

विज्ञानेश्वर या प्रत्येक गोष्टीचें कारण विचारतो, आणि त्याचीं उत्तरें एखाद्या अनुभवी वकिलाला शोभावीं अशीं आहेत. गांवाची संमति नसली तर विक्री रद्द होते असें तो म्हणत नाहीं. ती केवळ व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची संमति कशाला? पुढें शिवेचा तंटा निघूं नये म्हणून. अविभक्त भाऊबंदांची संमति आवश्यकच, कारण एकट्याला सर्वांच्या मालमत्तेवर अधिकार नसतो. पण विभक्त झालेल्यांना विचारण्याचें काय प्रयोजन? येथें त्याची खरी दृष्टि दिसते. ते विभक्त आहेत कीं अविभक्त, हाच प्रश्न पुढें कोणी उपस्थित करील. आज त्यांची संमति घेतली असली म्हणजे ती शंकाच उरत नाहीं. आणि सोनें-पाणी देण्याचें कारण, स्थावराची विक्री निंद्य व दान प्रशस्त मानलेलें असल्यामुळें विक्रीलाहि दानाचें रूप द्यावें! शास्त्र आणि व्यवहार यांची सांगड घालण्याची ही हातोटी खास शास्त्र्याचीच. पण मुख्य मुद्दा हा कीं, खरेदी गुपचूप उरकली तर ती टिकत नाहीं, हें त्यानें नऊशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

मराठी राज्यांत हाच जाहीरपणा गोतसभेंत आणि महजरांत दिसतो. वतन, मिरास किंवा जागा यांविषयीं तंटा निघाला म्हणजे गोत बसे, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत साक्षी होत, आणि महजरावर ज्याची त्याची निशाणी उमटे. लिहितां न येणारा आपल्या धंद्याच्या हत्याराची आकृति काढी; नांगर तर त्या कागदांवर ठिकठिकाणीं भेटतो. पुढें पुण्यासारखें शहर वाढलें, पेठा वसल्या, शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला, तेव्हां हें काम सरकारी अंमलदाराकडे गेलें. थोरल्या माधवरावांच्या काळांत पुण्याच्या कोतवालाला नेमून दिलेल्या कामांत जागांच्या व घरांच्या खरेदीविक्रीचे कागद व त्यांची नोंद हीं होतीं. गांवाची संमति मागें पडून तिच्या जागीं कचेरीचें दप्तर आलें. बदल लहान दिसतो. पण गांव विकणाराला ओळखत होतें, दप्तर त्याचा कागद तेवढा ओळखतें.

इंग्रजी अमलांत या दप्तराला काटेकोर कायद्याचें रूप आलें. १८६४ पासून नोंदणीचे कायदे होत गेले आणि १९०८ चा कायदा त्यांत प्रमुख ठरला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खताखेरीज होणार नाहीं असें ठरविलें. साठेखत म्हणजे विक्री नव्हे, नुसत्या साठेखतानें जागेंत हितसंबंध निर्माण होत नाहीं, हेंहि त्याच कायद्याच्या ५४ व्या कलमांत स्पष्ट आहे. तरी इसार देऊन, साठेखत करून, किल्ली हातीं आली कीं घर आपलें झालें असें मानणारीं आणि खरेदीखत 'पुढें पाहूं' म्हणणारीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या होत आलीं. मग विकणारा वारतो, त्याचे वारस चौघे निघतात, चौघांचीं तोंडें चार दिशांना असतात, आणि वीस वर्षांपूर्वीं एका सहीनें होणाऱ्या कामासाठीं दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

त्याहून खोल रुजलेला गैरसमज नोंदणीविषयींचा आहे. खत नोंदलें गेलें म्हणजे मालकी सिद्ध झाली, असें सुशिक्षितहि धरून चालतात. नोंदणी-अधिकारी खत करून देणारा माणूस तोच आहे कीं नाहीं आणि सही त्यानें कबूल केली कीं नाहीं हें पाहतो. तो माणूस खरोखर मालक आहे काय, हें ठरविण्याचें काम त्याचें नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियांत रॉबर्ट टॉरेन्स यानें १८५८ सालीं प्रत्यक्ष मालकीच नोंदविण्याची आणि त्या नोंदीला सरकारची हमी देण्याची पद्धत आणली. हिंदुस्थानांत कागद नोंदण्याची पद्धत आली. हमी आली नाहीं. १९०३ च्या कायद्यापासून मुंबई इलाख्यांत सुरू झालेल्या हक्कनोंदणीचें, म्हणजे सात-बाराच्या उताऱ्याचें, तसेंच आहे. उताऱ्यावरील नांव हें मुख्यतः सारा कोणाकडून घ्यावा यासाठीं असतें. फेरफाराच्या नोंदीनें मालकी येत नाहीं, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. मात्र त्याच उताऱ्यांतील 'इतर हक्क' हा रकाना खरेदीदारानें वाचावाच. कुळाचा हक्क, नव्या शर्तीची जमीन, बँकेचा बोजा, असें सारें तेथें निमूटपणें बसलेलें असतें, आणि लोक मालकाचें नांव वाचून कागद मिटतात.

म्हणून वकील तीस वर्षांचा शोध घेतात. हा आंकडा मनानें घेतलेला नाहीं. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यांत गहाण सोडविण्याला आणि सरकारच्या दाव्याला साठ वर्षांची मुदत होती. १९६३ च्या कायद्यानें ती तीसवर आणली. तेवढ्या मागें गेलें म्हणजे बहुतेक झोंपलेले हक्क तरी जागे सांपडतात. पण शोधालाहि एक जुनी फट होती. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत व्यापाऱ्यांच्या सोयीसाठीं, मालकीचे मूळ कागद सावकाराकडे ठेवूनच गहाण करतां येई आणि त्याला नोंदणी लागत नसे. पुढें ही सवलत इतर शहरांनाहि मिळाली. अशा गहाणाचा दप्तरांत मागमूस नसे. महाराष्ट्रांत २०१३ पासून त्याची सूचना नोंदणी-कचेरींत दाखल करावी लागते. तत्पूर्वींच्या गहाणांना एकच कसोटी होती, ती म्हणजे मूळ कागद विकणाराच्या हातांत आहेत कीं नाहींत. ते दाखविण्यास जो टाळाटाळ करी, त्याचें घर कितीहि हवेशीर असो, तेथून उठून जाणें शहाणपणाचें होतें. अद्यापहि आहे.

मुंबईंत घरखरेदीचें स्वरूपच बदललें तें १९४७ नंतर. तोंपर्यंत शहरांतला मध्यमवर्ग भाड्याच्या घरांत राहत असे. घराची मालकी हें त्याचें स्वप्नहि नव्हतें. गांवदेवींत १९१५ सालीं स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहसंस्थेनें वेगळी वाट दाखविली होती, पण ती वाट अरुंद होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं जुन्या पातळीवर गोठलीं, भाड्यासाठीं इमारती बांधण्यांत फायदा राहिला नाहीं, आणि फाळणीनंतर तर माणसांचा लोंढा आला. तेव्हां बांधणाऱ्यांनीं इमारत मजल्यामजल्यानें, खोल्याखोल्यांनीं विकण्याचा मार्ग काढला. 'मालकीचा फ्लॅट' हा शब्द त्या काळांत मराठी घरांत शिरला.

हा माल अगदींच नवा होता. आजवर विकलें जाई तें घर जमिनीवर उभें असे आणि जमिनीसह जाई. येथें खरेदीदार हवेंत असलेल्या चार भिंती घेत होता, आणि त्याहि बहुधा अजून उभ्या नव्हत्या! अश्विभूतीचें शेत तरी उषवदाताला जाऊन पाहतां आलें असतें. लोकांनीं पैसे भरले. हातीं आली एक पावती किंवा बिननोंदणीचा करार. मग नकाशे बदलले, मजले वाढले, तीच जागा दोघांना विकली गेली, घेतलेल्या पैशावर दुसरी इमारत उठली, खरेदीदारांना न सांगतां सारी वास्तु गहाण पडली. तक्रारी इतक्या झाल्या कीं १९६० सालीं सरकारला चौकशी-समिति नेमावी लागली, आणि १९६३ सालीं महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायदा झाला. त्याचीं कलमें वाचतांना त्या दहा-पंधरा वर्षांच्या फसवणुकीची यादीच समोर येते. जमिनीवरील हक्काविषयीं वकिलाचा दाखला दाखवावा. नकाशे पाहूं द्यावे. लेखी, नोंदलेला करार केल्याविना किंमतीच्या पांचव्या हिश्शाहून अधिक रक्कम घेऊं नये. करारानंतर खरेदीदाराच्या संमतीविना गहाण टाकूं नये. ठरलेला नकाशा त्याच्या संमतीविना बदलूं नये. यांतला प्रत्येक निर्बंध कोणा ना कोणा कुटुंबाच्या बुडालेल्या पैशांनीं लिहिला गेला.

याच कायद्यानें बांधणाऱ्यावर आणखी एक कर्तव्य घातलें. रहिवाशांची संस्था स्थापन झाल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नांवें खरेदीखतानें करून द्यावी. हेंच कर्तव्य सर्वांत अधिक चुकविलें गेलें. रहिवाशांनाहि त्याची निकड वाटली नाहीं. घरांत दिवा लागला, नळाला पाणी आलें, मुलें शाळेंत जाऊं लागलीं. मग कागदाची कोणाला आठवण? दोन पिढ्यांनंतर इमारत मोडकळीला आली, नवी बांधण्याची वेळ आली, आणि तेव्हां उमगलें कीं खालची जमीन अद्याप मूळ मालकाच्याच नांवें आहे. मधल्या काळांत जमिनीची किंमत इमारतीच्या कितीतरी पट झाली होती, आणि वाढीव बांधकामाचा हक्क ज्याची जमीन त्यालाच हवा होता. अखेर २००८ च्या सुधारणेनें मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. मालक सही करीत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून संस्थेला जमीन मिळूं लागली. नांव अवघड आहे खरें, पण ज्या संस्थांनीं तें मिळविलें त्यांना तें उच्चारतां येतें.

बांधकामाच्या परवान्याकडे दुर्लक्ष केल्याचें फळ मुंबईनें वरळीच्या कॅम्पा कोला आवारांत पाहिलें. १९८० नंतरच्या दशकांत तेथील इमारती मंजूर नकाशाहून कितीतरी उंच गेल्या. भोगवट्याचें प्रमाणपत्र नव्हतें, तरी लोक राहावयास गेले. एका पिढीचा संसार तेथें झाला. २०१३ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें ते वाढीव मजले अधिकृत करण्यास नकार दिला, आणि पुढल्या वर्षीं त्या घरांचें पाणी व वीज तोडण्यांत आली. तेथील लोक अशिक्षित नव्हते, गरीबहि नव्हते. प्रमाणपत्र आज ना उद्यां मिळेल, हा एकच भरंवसा त्यांना नडला.

लहान शहरांत व उपनगरांत चुकीनें दुसरें रूप घेतलें. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानें शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास मनाई केली. तरी गुंठा-दोन गुंठे जागा, म्हणजे हजार-दोन हजार चौरस फूट, मुद्रांकाच्या कागदावर लिहून सर्रास विकली गेली आणि तिच्यावर वस्त्या उभ्या राहिल्या. २००१ चा गुंठेवारीचा कायदा त्यांना नियमित करण्यासाठीं आला. कोठें विक्रीच्या जागीं कुलमुखत्यारपत्र देण्याचा प्रघात पडला. मुद्रांकशुल्क वांचतें म्हणून घेणाराहि खूष. अशा पत्रानें मालकी जात नाहीं, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला.

२०१६ चा स्थावर संपदेचा कायदा व त्याखालीं स्थापन झालेलें महारेरा यांनीं खरेदीदाराचें बळ वाढविलें यांत शंका नाहीं. करारापूर्वींची रक्कम दहावा हिस्साच. खरेदीदारांच्या पैशांपैकीं शेंकडा सत्तर वेगळ्या खात्यांत. विलंब झाल्यास व्याज. आणि विक्री चटईक्षेत्रावर. जेथें खरोखर चटई अंथरतां येते तेवढी जागा मोजावी, ही साधी गोष्ट कायद्यानें सांगावी लागली, कारण तोंवर जिना, उद्वाहन आणि गच्चीचा वांटाहि घरांत धरून दर लावला जात असे. पण हा कायदा नव्या बांधकामांपुरता आहे. जुनें घर एका गृहस्थानें दुसऱ्याला विकलें तर त्याचें छत्र तेथें पोंचत नाहीं. तेथें खरेदीदार पुन्हा एकटाच उभा असतो.

अशा वेळीं वकील वृत्तपत्रांत जाहीर नोटीस देतो. अमुक मिळकत, तिच्या चतुःसीमा अशा, आमचे अशील ती विकत घेत आहेत, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास बहुधा चौदा दिवसांत कळवावें. विज्ञानेश्वरानें गांवाची संमति ज्या कारणासाठीं मागितली, त्याच कारणासाठीं हा बारीक टाइपांतला मजकूर छापला जातो. मात्र आतां गांव केवढें तरी मोठें झालें आहे, आणि ज्याला कळावें तो तें वृत्तपत्र वाचीत असेलच असें नाहीं. दायादांची यादीहि लांबली आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलीला हिस्सा मिळाला, २००५ च्या सुधारणेनें ती मुलाप्रमाणें जन्मतः सहदायाद झाली, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क बाप हयात असण्यावर अवलंबून नाहीं असें सांगितलें. अज्ञानाच्या वतीनें आईबापांनीं न्यायालयाच्या परवानगीविना केलेली विक्री त्याला वयांत आल्यावर रद्द करून घेतां येते, हें तर १९५६ पासूनच आहे. तरी वडिलार्जित घर विकतांना भाऊ भाऊच पुढें होतात आणि 'बहिणींचें कांहीं म्हणणें नाहीं' असें खरेदीदाराला सांगतात. तें खरेंहि असेल. जाणता वकील मात्र त्या बहिणींचे पत्ते विचारून घेतो, आणि त्यांच्या सह्या येईपर्यंत इसाराची रक्कम हातावेगळी करूं देत नाहीं.